झेड ड्राइव्हवर न पोचलेले रिपोर्ट

सोमवार, ३ नोव्हेंबर
आधी दुरुस्ती. शुक्रवारी लिहिलं होतं, पासवर्ड बदलला आणि झेड ड्राइव्ह व्यवस्थित चालू आहे. चूक. पासवर्ड बदलला एवढंच खरं. ड्राइव्ह उघडून पाहिलाच नव्हता. वहीत खोटं नको.
आज उघडला. युजरनेम-पासवर्ड मागतो. नवा पासवर्ड टाकला की चौकट क्षणभर जाते आणि पुन्हा तीच. तीनदा. पाचव्यांदा चुकलं तर खातं बंद होतं, म्हणून थांबले. रोज तीनच प्रयत्न करायचे. शिस्तीने सुटेल.
हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावरचे डॉक्टर गाठी तपासून रिपोर्ट लिहितात, मी ते झेडवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवते, वरच्या मजल्यावरचे डॉक्टर तिथूनच वाचतात. मधे दुसरं कोणी नाही. तोवर माझ्याच कॉम्प्युटरवर ‘झेड’ नावाचं फोल्डर केलं. म्हणजे काम थांबलेलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
इस्त्रीवाल्या मावशी आल्या होत्या. काखेत गाठ. वरचे डॉक्टर फक्त गुरुवारी बसतात. रिपोर्ट आला नाही, पुढच्या गुरुवारी या म्हणाले. मावशी खाली माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, तूच आहेस ना गं इथे, मग मला कसली काळजी. माझ्या मुलाखतीचा ड्रेस त्यांनी इस्त्री करून दिला होता, पैसे न घेता. मी सांगितलं, प्रोसेस चालू आहे.
त्यांचा रिपोर्ट माझ्या फोल्डरमध्ये आहे. उघडला नाही. दुसऱ्याचा रिपोर्ट वाचायचा नाही हा नियम मी काटेकोर पाळते. नावापुढे खालच्या डॉक्टरांनी ‘तातडीचे’ लिहिलंय, तेवढं दिसतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
नेटवर्कवाल्याला विचारावं का? पण अर्जात मीच लिहिलंय, नेटवर्कचं ज्ञान उत्तम. नोकरी कायम व्हायचं महिनाअखेरीस ठरणार. शिवाय घरात बिल, नोटीस, काहीही आलं की बाबा न वाचता माझ्या हातात देतात. ‘मला येत नाही’ हे वाक्य मी कधी बोललेलंच नाही. एकदम कसं जमणार?
इंटरनेटवर सापडलं: युजरनेमच्या आधी ऑफिसचं नाव आणि तिरकी रेघ द्यायची. दिली. नंतर कळलं, रेघ उलटी तिरकी हवी. मोठा शोध! उलटी दिली. पुन्हा तीच चौकट.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
मावशींना पुन्हा परत पाठवलं. रिपोर्ट छापून वर नेऊन द्यावा असं मनात आलं. पण कागद द्यायचा नाही असं परिपत्रक आहे. आणि वर विचारतील, कागद का?
आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी विचारलं, रिपोर्ट रोज ठेवतेस ना? हो म्हटलं. ठेवते हे खरंच आहे. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर
मावशी तिसऱ्यांदा. म्हणाल्या, वर म्हणतात आला नाही, तू म्हणतेस चालू आहे, माझा रिपोर्ट काय पायी येतोय? स्वतःच हसल्या. मीही हसले. गाठ आता ब्लाउजला घासते म्हणाल्या.
उद्या नेटवर्कवाल्याला नक्की विचारणार.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
तो जेवायला गेला होता. नंतर मी जेवायला गेले.

सोमवार, २४ नोव्हेंबर
शेजारच्या टेबलाचा प्रिंटर बघायला नेटवर्कवाला आला. माझी चौकट त्याला दिसली. म्हणाला, ताई, मशीन तुमचा जुना पासवर्ड धरून बसलंय. तो पुसला, नवा टाकला. दोन मिनिटं. कधीपासून असं होतंय म्हणाला. मी म्हटलं, सकाळपासून.
त्रेसष्ट रिपोर्ट झेडवर गेले. ‘तातडीचे’ सगळ्यात आधी. मोठ्या बाईंनी यादी पाहिली. म्हणाल्या, एका दिवसात त्रेसष्ट! सगळ्यांनी हिच्याकडून शिका. मी मान खाली घातली. बाईंना तो विनय वाटला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
वरच्या डॉक्टरांनी मावशींचा रिपोर्ट वाचला. पसरलंय म्हणाले. मंगळवारी, दोन तारखेला ऑपरेशन. इतके दिवस काय करत होतात म्हणून त्यांनाच रागावले. मावशींनी खाली येऊन माझा हात धरला. म्हणाल्या, माझंच चुकलं गं, आधीच दाखवायला हवं होतं. तू होतीस म्हणून निदान आत्ता तरी रिपोर्ट आला.
मी सांगणारच होते. पण त्यांना धाप लागली होती. पाणी आणून दिलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
कायम झाल्याचं पत्र मिळालं. बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि यात काय लिहिलंय ते वाच म्हणाले. ‘कामातील चोखपणा लक्षात घेऊन.’ त्यांनी दोनदा वाचायला लावलं.
मावशींना सगळं सांगायचं हे पक्कं. ऑपरेशनच्या आधी सांगणं योग्य नाही, ब्लड प्रेशर वाढेल. ऑपरेशननंतर लगेचही नाही, अशक्तपणा असतो. दहाव्या दिवशी टाके काढतात म्हणे. तेव्हा काही भीती नसते.
ठरलं: शुक्रवार, १२ डिसेंबर. सकाळी दहा वाजता.