आम्ही नव्हे, मी

फादर आन्सेल्मो,

लोर्ना आणि मी, दोघी बायका एका घरात संसार करतो म्हणून आमच्या अमिहानचा बाप्तिस्मा तुम्ही तीनदा पुढे ढकललात. आता पोर डेंग्यूने इस्पितळात आहे आणि डॉक्टर आमच्याशी धड बोलत नाहीत. जिवावर बेतलं तर घरच्यांनी पाणी ओतलं तरी चालतं, हे आमच्या पनाय बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून सकाळी दोघींनी मिळून तिच्या कपाळावर पाणी ओतलं आणि म्हटलं, "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो."

तुमच्या चर्चमध्ये पोरांना शिकवणारी कोरिंग शेजारच्या खाटेपाशी बसली होती. ती म्हणाली, "अगं बायांनो, 'मी' म्हणायचं असतं. हा बाप्तिस्मा लागू नाही झाला."

नऊ वर्षं तोंडात 'आम्ही'च बसलंय, फादर. तेच बाहेर पडलं.

तुम्हाला बोलवायला हे लिहायला घेतलं. पण तुम्ही येऊन आधी विचाराल, दोघींतली आई कोण. तेवढा दम पोरीत उरलेला नाही. लोर्ना म्हणते, "तूच म्हण, माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

मी म्हणते. तिला सांगितलंय, तू बोलू नकोस, पाणी ओतताना नुसता माझा हात धर.

रोसिंग, बंदरावरची सुकटवाली