भांडणाचा खाऊ

वेंडेल,

मोठ्या माशाने धाकट्याची शेपटी पुन्हा कुरतडलीय. दोघं शेजारी-शेजारी शांत पोहले तरच दाणे टाकायचे, असं महिनाभर कानीकपाळी ओरडतेय मी. आणि तू? ते भांडायला लागले की भांडण सोडवायचं म्हणून मूठभर दाणे टाकतोस! आता तो मेला तुझी चाहूल लागताच आधी धाकट्याला चावतो आणि मग काचेशी येऊन तोंड वासतो. चावलं की खाऊ मिळतो, हे तूच शिकवलंस त्याला.

मी डुलुथला बहिणीकडे चाललेय, रविवारी येईन. तोवर ते भांडले तर हात खिशात ठेव.

आणि काल आपलं वाजलं म्हणून नेहमीसारखा डोनटचा खोका आणू नकोस. कधीतरी न भांडता आणून बघ.

मॅरिट