झाकण उघडून केलेली पूजा

बाबा, तुमचा कॉम्प्युटर सुरू झाला. काल सुरू झाला आणि अजून चालतोय, एकदाही अडकला नाही. तुम्ही असतात तर "छान" म्हणायच्या आधी विचारलं असतंत, "मग कोणी बिघडवला होता, कळलं का?" म्हणून तेच आधी सांगते. मी नाही बिघडवला. पुरावा आहे माझ्याकडे, वेलचीच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. आणि तो नाकासमोर धरायला तुम्ही नाही, याचा मला कालपासून सॉलिड राग येतोय.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून दिल्लीतच इकडे द्वारकेला येताना आईने अर्धा संसार वाटून टाकला, पण ही पेटी सोडली नाही. जुन्या पडद्याचं तिनेच शिवलेलं निळ्या फुलांचं कव्हर घालून ती इतकी वर्षं माळ्यावर बसली होती. गेल्या महिन्यात माळा रिकामा करताना मी म्हटलं, "आई, आता हे कबाडीवाल्याला देऊन टाकू." ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दे की. म्हणजे तूच बिघडवला हे कायमचं ठरलं." झालं! मी पेटी खाली उतरवली. ब्याऐंशीव्या वर्षीही तिला मला कुठे चिमटा काढायचा ते बरोब्बर माहीत आहे.

तो दिवस आठवा. मी नववीत आहे. खंडेनवमी. आपल्या ब्लॉकमधला पहिला कॉम्प्युटर आपल्याकडे आलाय आणि तुम्ही सोवळं नेसून त्याच्यासमोर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलाय. पाटावर आईची विळी, तिचं शिवणयंत्र, तुमचं पेन, माझा कंपास. सगळ्यांची पूजा बाहेरून झाली, पण याचं तुम्हाला समाधान होईना. "नुसत्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग? राबणारा आत बसलाय," म्हणत तुम्ही चार स्क्रू काढलेत, झाकण उचललंत, प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्याला हळद-कुंकू लावलंत, अक्षता वाहिल्यात, हात जोडलेत आणि झाकण पुन्हा घट्ट बसवलंत. शेजारचे पंजाबी अंकल दारातून बघत होते. "वाह जी, इसका भी हवन करोगे?" तुम्ही अजिबात हसला नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा. दिल्लीत आपटा कुठला मिळायला! कोपऱ्यावरच्या कचनारची, आपट्यासारखीच दिसणारी पानं तोडून तुम्ही आणि आई मराठी घरांमध्ये सोनं वाटायला गेलात. परत आलात ते उत्साहात, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं टायपिंग करायचं म्हणून. दहा मिनिटांत स्क्रीन गोठली. बंद करून पुन्हा चालू केलीत, पुन्हा दहा मिनिटं.

"हात लावला होतास?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही म्हटलं ना, बाबा!"

तुम्ही ओरडला नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणालात, "मशीन बिघडलं तर कारागीर मिळतो. माणूस खोटं बोलायला लागला की कोणाकडे न्यायचा?" ते वाक्य मला आजही जसंच्या तसं टोचतं. मग तो मेकॅनिक आला. त्याने न उघडताच निकाल दिला, "बच्चे ने गेम की फ्लॉपी डाली होगी सर, वायरस है." सगळं पुसून पुन्हा भरलं तरी दहा मिनिटांनी तेच. तुम्ही कव्हर चढवलंत आणि आख्खा अंक हाताने लिहून काढलात. मला दिसेल अशा जागी बसून, बरं का!

तर बाबा, पेटी माळ्यावरून उतरवल्यावर मी झाकण उघडलं. धुळीची गादी होती आत. ब्रशने ती काढली आणि पंख्याला बोट लावलं, तर तो हलेना. टॉर्च मारला. पातं आणि चौकट यांच्या मध्ये तांदळाचा एक दाणा, कुंकवाने लाल, बसला होता घट्ट. तुमची अक्षता! पंखा अडकला, प्रोसेसर तापला, स्क्रीन गोठली. मी "आई!" म्हणून इतक्या जोरात ओरडले की ती काठी न घेता आली. दाणा बघून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "तरी मी म्हणत होते यांना, कुंकू पुरे, तांदूळ कशाला!"

मग मला चेवच आला. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "मैडम, इससे तेज़ तो मेरा फ़ोन है. म्यूज़ियम में दे दो." मी म्हटलं, "भैया, पार्ट है तो बताओ, सलाह घर में बहुत मिलती है." पॉवर सप्लाय नवा घातला, बोर्डवरचा सेल बदलला, रॅम दुप्पट केली. खडखडणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवलं, आता चालू झाल्याचा आवाजसुद्धा येत नाही. पंखा मात्र तुमचाच ठेवला. चिमट्याने दाणा काढला, एक थेंब शिवणयंत्राचं तेल दिलं, आणि गुणी बाळासारखा फिरायला लागला. त्याच्यावर हळदीचं बोट अजून आहे. पुसलं नाही.

तुमच्या फ्लॉपीतला मराठी फॉन्टही चालला. हे त्यातच टाइप करतेय. "ळ" शोधायला अर्धा तास गेला. ही फाइल दुसऱ्या कुठल्याच मशीनवर उघडत नाही, नुसत्या चौकटी दिसतात. म्हणजे ती इथेच राहणार. बरंच आहे.

कारण एक सांगायचं राहिलंय. त्या दसऱ्याला तुम्ही सोनं वाटत होतात तेव्हा मी गाड्यांचा गेम खेळत होते. दहा मिनिटांनी स्क्रीन गोठली. पुन्हा चालू केलं, पुन्हा गोठली. चार वेळा. मग मी कव्हर नीट घालून अभ्यासाला बसले. "दर वेळी दहा मिनिटांनीच अडकतंय, पूजेच्या आधी असं होत नव्हतं," एवढं बोलले असते तर तुम्ही लगेच स्क्रूड्रायव्हर घेतला असतात. दाणा त्याच संध्याकाळी निघाला असता. खेळले होते, बाबा.