थेंब पसरला पाहिजे

३ तारीख, मंगळवार

कारखान्यात पुन्हा खोकं परत आलं! दवाखान्यातून. सलाइनच्या नळीचं तोंड जरा ओढलं की हातात येतं म्हणे. आणि साहेब आधी कुणाकडे आले? माझ्याकडे! प्लाझ्माचं यंत्र मी चालवते ना, मग चोर मीच.

त्या प्लास्टिकला मुळात गोंद धरतच नाही. म्हणून हवा काढलेल्या पेटीत तीन मिनिटं विजेचा जांभळा उजेड द्यायचा. वरचा थर बदलतो. डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याचा थेंब टाकला की कळतं – आधी गोळी होऊन बसायचा, आता सपाट पसरतो. पसरला की गोंद धरणारच. नियमाप्रमाणे एका ट्रेमागे एकच तुकडा तपासायचा, तोही मग फेकायचा. मी महिनाभर एकूणएक तपासतेय! थेंब टाकायचा, बघायचा, घरून नेलेल्या मऊ रुमालानं टिपायचा. कोण करतं एवढं?

४ तारीख

उजेडातून निघालेला तुकडा चार तासांत चिकटवावा लागतो, नाहीतर थर हळूहळू पहिल्यासारखा होतो. चिकटवण्याचं काम गोंदकाकांचं. विचारलं त्यांना, वेळेत लावता ना? "घड्याळ बघून लावतो, पोरी. बावीस वर्षं झाली." आणि शेजारी तीन ट्रे तसेच पडलेले! चहा मात्र अगदी वेळेवर.

तोंडावर काही बोलले नाही. साहेबांना लेखी दिलं.

६ तारीख

काकांना घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत. जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "तुझ्याकडून आलं तसंच लावलं गं."

मला का वाईट वाटावं? खोटं थोडंच लिहिलंय!

आई म्हणाली, "वयानं मोठा माणूस. आधी त्यांच्याशी बोलायचंस." मी फटकन म्हटलं, "तू रुमाल धू." तिनं धुतलेल्या रुमालाची घडी पुढे सरकवली. म्हणाली, "हल्ली सुगंधी सॉफ्टनरमधून काढते. बघ, किती मऊ."

९ तारीख

काकांच्या जागी नवा माणूस. तासाभरात चिकटवतो. तरी तीस नळ्या ओढून पाहिल्या, अकरा सुटल्या! म्हणजे गोंदच भिकार. उद्या साहेबांना समोर उभं करून दाखवते – माझ्या तुकड्यांत खोट नाही म्हणजे नाही.

१० तारीख

साहेबांसमोर, रुमालानं टिपून ठेवलेल्या तुकड्यावर पुन्हा थेंब टाकला. गोळी होऊन बसला.

दुसऱ्यावर, तेच. न टिपलेल्यावर – पसरला.

रुमाल नाकाशी नेला. वास येत होता. सॉफ्टनरचा. त्याचा मेणचट थर मीच प्रत्येक तुकड्यावर पुसत होते.

साहेबांना लेखी दिलंय. काकांना तोंडावर सांगायचंय. त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. बेल वाजवली नाही.