गाडी पुन्हा बसली

४ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा बसली! चारही कोपऱ्यांत सारखी, पोट जमिनीला टेकेल इतकी. काल संध्याकाळी मी तिला पूर्ण उंचीवर उभी केली होती, नाक भिंतीकडे, नेहमीसारखी. सकाळी मागच्या फाटकाने टेकडीवर गेलो, मेंढ्यांना चारा घातला, परत येऊन पुढच्या अंगणात बघतो तर ही उन्हातल्या म्हाताऱ्या कुत्रीसारखी पसरलेली.

मागच्या चाकांवरच्या दोन्ही हवेच्या पिशव्या गेल्याच आठवड्यात बदलल्या. नव्या. हात अजून दुखतायत.

लोरीचा फोन आला होता रेक्सममधून. माझी थोरली बहीण, तिला सगळं लांबून सोपं दिसतं. "विकून टाक ती. मागे फळी असलेली व्हॅन घे, बाबांची चाकाची खुर्ची सरळ आत ढकलता येईल." म्हटलं, बाबा ढकलून घेणार नाहीत. "घेतील. न घेऊन करतात काय?"

५ ऑक्टोबर, रविवार

चॅपलला गेलो नाही. गाडीखाली होतो.

लोरीला जे फोनवर नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो. बाबांना झटका आला, डावी बाजू गेली. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी शेजारच्या दोघांनी त्यांना उचलून घरात घेतलं. एक म्हणाला, "नीट धर, लाथ मारेल!" कातरायच्या मेंढीला म्हणतात तसं. सगळे हसले. मीसुद्धा. बाबा हसले नाहीत. त्यानंतर ते घराबाहेर पडेनात. डॉक्टरकडे नाही, चॅपलला नाही, कुठेच नाही.

मग मला बटण आठवलं. या गाडीला पोलादी स्प्रिंगा नाहीत, रबरी पिशव्या आहेत, आत हवा. बटण दाबलं की हवा सुटते आणि गाडी गुडघे टेकते. गादी बरोबर बाबांच्या कमरेशी येते. ते पाठ करून उभे राहतात, उजव्या हाताने वरची कडी धरतात, बसतात, आणि डावा पाय स्वतःच्या हाताने उचलून आत घेतात. कोणी हात लावायचा नाही. मी मुद्दाम आकाशाकडे बघत उभा राहतो. गुरुवारी बाला गावच्या मेंढीबाजारात जातो. सगळ्या आठवड्यात त्यांना तेवढंच आहे.

हवेची यंत्रणा बंद पडली तर गाडी चालेल. पण गुडघे टेकणार नाही.

७ ऑक्टोबर

गळती शोधायला साबणाचं पाणी मारून सगळे सांधे तपासले. कुठेही बुडबुडा नाही. एकही नाही!

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी बसलेली. उचलली — इंजिन चालू केल्यावर मुकाट्याने उठते, तक्रार नाही — आणि बाजारात गेलो. बाबा कठड्याला टेकून मेंढे बघत होते. एक वाईट मेंढा जास्त भावाला गेला तेव्हा म्हणाले, "आंधळे." झटक्यानंतर त्यांचे शब्द थोडे झालेत, पण नेमके झालेत.

एम्रिस भेटला. आमच्यासारखी गाडी असणाऱ्यांच्या मंडळातला तो सगळ्यांत जुना. स्वतःची गाडी इतक्यांदा खोललेली की बायको म्हणते, हा तिचे बोल्ट ताटाशेजारी घेऊन जेवतो. मी विचारलं, गळती असेल तर एकच कोपरा आधी खाली यायला हवा ना? ही चारही बाजूंनी सारखी कशी बसते?

"अरे, तीच तर गंमत. उभी असताना ती अधूनमधून जागी होते. एक कोपरा खाली दिसला की बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला उतरवते. शहाणी समजते स्वतःला! म्हणून चारही सारखे. गळका कोपरा लपवते ती."

म्हणजे गळती आहेच. पुढच्या दोन पिशव्या मागवल्या.

१४ ऑक्टोबर

पुढच्या पिशव्या बसवल्या. डावीकडचा बोल्ट गंजून एकजीव झालेला. रात्रभर तेलात भिजवून ठेवला होता, तरी शेवटी डोकं तुटलंच. तुकडा भोक पाडून काढला. बोटाचं कातडं गेलं. बाबा खिडकीतून बघत होते. मी वर बघितलं तर मान फिरवली.

१५ ऑक्टोबर

बसली!!

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आता गादीपण. चालकाची गादी आज मागे सरकलेली, पाठ कललेली. माझे पाय पेडलला पोचेनात. बाहेरचे आरसेही वर वळलेले. एम्रिसला बाजारात सांगितलं तर त्याने बाकीच्यांना हाक मारली, "ऐका रे, याच्याकडेपण भुतं आली!" मग प्रत्येकाने आपापलं भूत सांगितलं. कोणाची काच पावसात आपोआप उतरते, कोणाचा भोंगा वाजतो. एम्रिसच्या गाडीचं छप्पर अंत्ययात्रेत उघडलं होतं, पाद्र्यासमोर. "ओलावा शिरतो तारांत. या गाड्या स्वतःचीच बटणं दाबतात. सवय होईल."

मला होत नाही सवय. बाबा गाडीत बसून ऐकत होते. तोंडाचा उजवा कोपरा हलला. त्यांना दुखत असावं.

२० ऑक्टोबर

व्हॉल्व्हची पेटी उघडली. आतल्या छोट्या रबरी कड्या सगळ्या बदलल्या. स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरं कापड अंथरून, क्रमाने मांडून. फिजिओवाली बाई आली तर तिला कप ठेवायला जागा नव्हती. ती म्हणाली, बाबांची सुधारणा छान आहे, पण कोणीतरी शेजारी असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. बाबांनी तिला बारा ब्रिथचा, मनुका घातलेल्या गोड पावाचा, मोठा तुकडा पुढे केला. इतके गोड ते कोणाशीच वागत नाहीत.

२१ ऑक्टोबर

बसली. आणि किल्ली फिरवली तर रेडिओ मोठ्याने ओरडला — मेंढ्यांचे भाव! मी तर रेडिओ लावतच नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

एम्रिसची युक्ती : संध्याकाळी हवेच्या यंत्रणेचा फ्यूज काढून ठेवायचा. मग तिला जागं होता येत नाही, बाकीचे कोपरे उतरवता येत नाहीत, आणि जो कोपरा गळका तो एकटाच खाली येतो. चोर सापडलाच पाहिजे. आज संध्याकाळी काढला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

उभी! चारही कोपरे, टेपने मोजले, केसभरही खाली नाहीत.

आनंद व्हावा की नाही कळेना. कारण बाबा पुढच्या दाराच्या पायरीवर बसलेले सापडले. एकटे. सपाता भिजलेल्या, काठी खाली पडलेली.

"बाबा! इथे कसे आलात? पडलात का?"

"नाही."

"मग बाहेर कशाला?"

त्यांनी गाडीकडे बोट केलं. "उंच. का?"

"फ्यूज काढलाय. गळती शोधतोय."

"गाढव," म्हणाले. मग मी उठवायला हात पुढे केला तर तो झटकला आणि चौकटीला धरून आपले आपण उठले.

फ्यूज परत लावला. रात्री झोप नाही. खरंच पडले असते तर?

२५ ऑक्टोबर

बसली. फ्यूज असला की बसते, नसला की बसत नाही. म्हणजे पिशव्या चांगल्या, कड्या चांगल्या, सगळं चांगलं! एम्रिस फोनवर म्हणाला, "मेंदू गेला तिचा, आतला कॉम्प्युटर. बसायचा हुकूम वरूनच सुटतोय. नवा मेंदू मिळत नाही, जुना मिळाला तर तोही येडाच निघतो. पोरा, आता ऐक माझं. हवा काढून टाक. पोलादी स्प्रिंगा बसव. माझ्याकडे जोड पडून आहे. पुढच्या शनिवारी येतो, दुपारपर्यंत मोकळे होऊ."

विचार करून सांगतो म्हटलं.

२७ ऑक्टोबर

एम्रिसला हो म्हटलं. थकलो. पाठ, बोटं, डोकं, सगळं. काहीही बदललं तरी सकाळी तीच पसरलेली गाडी बघायची, आणि दर वेळी वाटतं की मीच काहीतरी नीट बसवलं नाही. शाळेतही असंच व्हायचं. दोनदा तपासून दिलेलं गणित चूक निघायचं.

लोरी म्हणाली, "शहाणा झालास एकदाचा. चढायला पायरी करून घे, आणि दोन माणसं धरतील. काय होतं त्यात?"

२८ ऑक्टोबर

जेवताना बाबांना सांगितलं. ते सूप घेत होते. चमचा खाली ठेवला, हळूच.

"नको."

म्हटलं, "बाबा, मी सगळं करून बघितलं. मेंदूच गेलाय तिचा."

"नाही गेला."

"मग का बसते रोज?"

तोंड उघडलं. शब्द सापडत नव्हता की सांगायचं नव्हतं, कळलं नाही. मग चमचा उचलून भिंतीवर मारला. सूप घड्याळावर उडालं. मीही ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

बाजाराला आले नाहीत. पाठ करून पडून राहिले. मग मीही गेलो नाही.

३१ ऑक्टोबर

बाबा बोलत नाहीत. स्प्रिंगा उद्या. हत्यारं पुसून लावून ठेवली. जॅक अंगणात. गाडी नाक भिंतीकडे करून उभी केली, शेवटची.

१ नोव्हेंबर, शनिवार

टेकडीवरून परत आलो. गाडी बसलेली होती. नाक फाटकाकडे होतं.

बॉनेटवर हात ठेवला. गरम. अंगणाच्या चिखलात चाकांची अर्धी गोल खूण, जॅकला वळसा घालून गेलेली, एकदाही न अडखळता. गादी मागे सरकलेली, आरसे वर. बाबांच्या उंचीला.

आत ते टेबलाशी बसून चहा घेत होते. सपाता ओल्या. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली त्या दिवसापासून मी त्यांचा असा उजळलेला चेहरा बघितला नव्हता.

एम्रिसला फाटकातूनच परत पाठवलं. "का रे, सापडली का गळती?" तो म्हणाला.

दाराशी गाडीची किल्ली टांगायचा खिळा काढून हातभर खाली ठोकला, बाबांचा हात सहज पोचेल असा. उद्यापासून संध्याकाळी गाडी मीच बसवून ठेवीन.