पप्पांच्या सुरीचा दात

नॉटिंगहॅम, ११ मार्च २००७

प्रिय मझल,

गेल्या रविवारी तुझा फोन आला. पप्पांच्या जागी आता आपल्या लोकांसाठी बकरे कापणाऱ्या डॅनियलने त्यांची सुरी धार तपासायला नखावरून फिरवली आणि मधोमध नख अडकलं, हे तू सांगितलंस. ठाण्यात लोक आता म्हणतात, म्हाताऱ्याच्या बोटांची जाण गेली होती, कामाची शेवटची दोन वर्षं आपल्याला काय खाऊ घातलं देव जाणे. आशामावशींनी तर तुला सिनेगॉगच्या पायऱ्यांवर गाठून विचारलं. तू म्हणालीस, दादा, तुला काही माहीत होतं का? मी म्हणालो, लाइन नीट येत नाहीये.

लाइन नीट होती.

आपल्याला आठवतो तो नव्याचा सण. कापून झाल्यावर पप्पांनी सुरी नखावर तपासली, केसाएवढा दात लागला, म्हणजे ते मटण आपल्या धर्मात चालणार नव्हतं, आणि दोन्ही बकरे त्यांनी बाहेरच्या खाटकाला देऊन टाकले. अख्ख्या आळीने सणाला वालाचं बिरडं खाल्लं. आई चिडली होती, एवढंसं कुणाला कळणार होतं म्हणून. पप्पा म्हणाले, मला कळलं ना. असा माणूस होता तो.

आता माझ्या कामाबद्दल. कामही नव्हे, नोकरीव्यतिरिक्त फुकट करायचो ते. इथे जंगलाच्या रस्त्यांवर हरणं गाड्यांखाली येतात, मरत नाहीत, पडून राहतात. तेव्हा त्यांना संपवायला पोलिस यादीतल्या माणसाला फोन करतात. पिस्तूल घरात ठेवायला इथे जवळजवळ बंदीच आहे, पण एवढ्या कामापुरतं मला रिव्हॉल्व्हर मिळालं होतं, दोनच गोळ्या बसतील असं. पप्पा ठाण्यातलं काम सोडून माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांनी ते पाहिलं आणि हसले. म्हणाले, तुझ्या सरकारचा तुझ्यावर फारसा विश्वास दिसत नाही.

गोळी कुठली घ्यायची यावर मी तीन आठवडे काढले. दुकानदार नॉर्मनने दोन प्रकार पुढे ठेवले. जड गोळी हमखास मारते, पण इतक्या जवळून आरपार जाऊन डांबरावर आपटते आणि बाजूला उभ्या पोलिसाच्या पायात शिरू शकते. हलकी, मऊ शिशाची गोळी आतच राहते, पण नेमकी लागावी लागते. मी हलकी घेतली. नॉर्मन म्हणाला, जनावराने डोकं हलवलं तर पस्तावशील. घरी आल्यावर पप्पांनी एक काडतूस बोटांत फिरवलं आणि एकच विचारलं, त्याला कळतं का? मी म्हणालो, नाही पप्पा, आवाज ऐकू यायच्या आत संपतं. त्यांनी मान डोलावली. माझं काम त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पटलं असावं. आणि खरंच, पुढे दीड वर्ष मला दुसरी गोळी झाडावी लागली नाही. त्याचा मला गर्व झाला होता, मझल. खिशात जादा काडतुसं न्यायची मी सोडून दिली.

नोव्हेंबरात लंडनला आपल्या लोकांची मलिद्याची प्रार्थना होती. त्यांनी पप्पांना सुरी दाखवायला आणा म्हटलं. ठाण्याहून निघताना तू फडक्यात गुंडाळून दिली होतीस, ती तेव्हा पहिल्यांदा ट्रंकेतून निघाली. पप्पांनी पेटी उघडून नुसती दाखवली, कुणाला हात लावू दिला नाही. येताना गाडीत फार खुशीत होते. घर जवळ आलं तेव्हा झोपी गेले, आणि तेवढ्यात पोलिसांचा फोन आला, तीन मैलांवर हरिणी पडली आहे. मी त्यांना उठवलं नाही. घरात धावत जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, दोन काडतुसं घेतली आणि तसाच निघालो.

तिने डोकं हलवलं. पहिली गोळी जबड्यात गेली. दुसरी मानेत, भलतीकडेच. ती मागच्या पायांवर उठायला बघत होती आणि माझ्याकडे काही उरलं नव्हतं. पोलिसबाई तोंड फिरवून उभी होती. माझा चाकू घरी होता. डिकीत पप्पांची पेटी होती.

सुरी हाडावर गेली. मला हातात जाणवलं.

गाडी वळणापलीकडे उभी होती, काचा बंद, हीटर चालू. पप्पा झोपलेलेच होते. मी सुरी बाटलीतल्या पाण्याने धुतली, पुसली, फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवली.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी तेल लावायला ती काढली. सवयीने नखावर फिरवली आणि थांबले. मग दुसऱ्या नखावर. मग खिडकीपाशी नेऊन. मला विचारलं, योना, हिला कुणी हात लावला? मी म्हणालो, नाही. तेच म्हणाले, तू कशाला लावशील. शुगरने बोटं बधिर झाली होती, ती त्यांनी किती तरी वेळ एकमेकांवर घासून पाहिली. म्हणाले, हा दात ठाण्यापासूनच असणार, या बोटांना कळलाच नाही. त्या दिवसापासून त्यांनी मटणाला शिवलं नाही. मी रोज ठरवायचो, आज सांगू. तुला वाटतं ते न्यूमोनियाने गेले. डॉक्टरनेही तेच लिहिलं आहे.

रिव्हॉल्व्हर आणि लायसन्स मी पोलिसांकडे जमा केलं. पप्पा गेल्यावर तू डॅनियलसाठी सुरी मागितलीस तेव्हा नाही म्हणायला कारण सुचलं नाही. वाटलं, कुणीतरी नवी धार लावेल आणि निभावून जाईल.

सोबतचा कागद हॉस्पिटलातला आहे. जाण्याआधी चार दिवस पप्पांनी मला वही घ्यायला सांगितली आणि ठाण्यातल्या कामाच्या शेवटच्या दोन वर्षांत ज्यांच्या घरी त्यांच्या हातचं मटण गेलं, त्यांची नावं एकेक करून सांगितली. प्रत्येकाची माफी माग, म्हणाले, मला आता जाता येणार नाही. मधे दम लागला की थांबायचे, आणि मी पेन धरून पुढच्या नावाची वाट बघत बसायचो. एकेचाळीस घरं आहेत. अक्षर माझं आहे. तेव्हाही मी बोललो नाही. शनिवारी प्रार्थना झाली की हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, काही गाळू नकोस. मग त्या कागदावरची घरं वाच. पहिलं तुझं आहे.

तुझा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
योनादादा