चंडीगडच्या उन्हात माझ्या छातीचं काय झालं

सेक्टर १४, चंडीगड
जून २००३

माननीय मुख्याध्यापक बाजीराव यांना (निवृत्त झालात तरी आमच्यासाठी तुम्ही मुख्याध्यापकच) भूगोलाच्या गुरुनाथचा मिरजेच्या दिशेला तोंड करून नमस्कार. तुमचे गुडघे जिना चढू देतात का? वहिनींनी दाढ काढून घेतली की अजून लवंगेवरच भागवताहेत? इकडे मी खुशाल आहे. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात, पण मी ते डॉक्टरांकडून तपासून घेऊन लिहितो आहे, कारण मागच्या आठवड्यापर्यंत मी मरणार होतो.

झालं असं. नरेंद्र नोकरीपायी आठवडाभर दिल्लीत असतो. इथं विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये मी, सूनबाई अवनी (ती तिथंच पर्यावरणाचं काहीतरी शिकवते) आणि सात वर्षांची आर्या. आर्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतून येतं. गाव मात्र दृष्ट लागावी असं. रस्ते फूटपट्टीनं आखलेले, दुतर्फा झाडं आणि आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं. अशा ठिकाणी फिरायला न जाणं म्हणजे पाप, पण पहाटे गेलं की शेजारचे सरदार कुलवंतसिंगजी गाठतात. माणूस सोन्यासारखा, पण एकाहत्तरच्या लढाईपासून सुरुवात करतो आणि परत येईपर्यंत युद्धबंदी होत नाही. म्हणून मी युक्ती काढली. दुपारी चारला निघायचं. त्या वेळी इथं रस्त्यावर कुत्रंही नसतं. (कुत्र्यांना अक्कल असते, हे मला नंतर कळलं.)

मे महिना तापत गेला तसं माझं काहीतरी बिघडत गेलं. दोन चौक चालून झाले की छातीत पट्टा आवळल्यासारखं व्हायचं, श्वास अर्ध्यावर अडायचा, घशात खवखव. सावलीत बसलो तरी सुटका नाही. घरी येऊन पडलो की रात्रीपर्यंत उतरायचं आणि सकाळी मी पुन्हा टुणटुणीत. वडील हृदयविकारानं गेले, काका हृदयविकारानं गेले, तेव्हा आता आपला नंबर, एवढं गणित भूगोलाच्या मास्तरालाही येतं.

एके दिवशी मी बाकावर धापा टाकत बसलेला कुलवंतसिंगजींना दिसलो. "ओ मास्टरजी, दिल-विल कुछ नहीं, गैस है!" असं म्हणून त्यांनी ओवा-हिंगाचं एक जहाल चूर्ण माझ्या तळहातावर ओतलं. त्याच संध्याकाळी मोठी आंधी आली (आंधी म्हणजे इकडचं धुळीचं वादळ), मागोमाग पाऊस पडला, हवा गार झाली आणि पुढचे दोन दिवस मी चारच्या फेरीला हरणासारखा गेलो. चूर्णाची एवढी स्तुती केली की कुलवंतसिंगजींनी अख्खा डबा आणून दिला. तिसऱ्या दिवशी ऊन परतलं, पट्टाही परतला. मी तीन चमचे चूर्ण खाल्लं. छाती तशीच राहिली, फक्त पोटातही आग लागली.

मग मी मनाची तयारी केली. घरच्यांना सांगायचं नाही, उगाच त्यांच्या सुट्या खर्ची पडायच्या. जाताना कटुता नको म्हणून सगळ्यांशी गोड वागायला लागलो. आर्याला उच्चारावरून टोकणं थांबवलं, टीव्हीच्या आवाजाबद्दल चकार शब्द काढला नाही आणि एका रात्री जेवताना दुधीच्या भाजीची तारीफ केली. अवनीनं हातातला डाव खाली ठेवला.

"बाबा, काय होतंय तुम्हाला?"

"कुठं काय? भाजी खरंच..."

"तुम्ही दुधीला चांगलं म्हणालात. खरं सांगा."

तेवढ्यात आर्या म्हणाली, "मम्मा, आजोबा मर रहे हैं. पर किसी को बताना नहीं है."

(तिला मी विश्वासात घेतलं होतं. कोणाला तरी माहीत असायला हवं ना!)

दुसऱ्या दिवशी अवनी मला इथल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टर मधुवंती मूळच्या बार्शीच्या. त्यांनी मला तारा लावल्या, सरकत्या पट्ट्यावर चालवलं, पळवलं. मी मनातल्या मनात सगळ्यांचे निरोप घेत पळत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, तुमचं हृदय तुमच्यापेक्षा शांत आहे. काही झालेलं नाही त्याला." मग एका नळीत फुंकायला लावलं तेव्हा कळलं की श्वासनलिका आवळल्या आहेत. लहानपणी दमा होता का? होता. त्रास कधी होतो? चार वाजता, ऊन असेल तेव्हा.

अवनी ताडकन ताठ बसली. "आंधीनंतर दोन दिवस बरं वाटत होतं ना तुम्हाला?"

"ते चूर्णामुळं."

"चूर्ण नव्हे बाबा, ओझोन!"

आता बाजीराव, तुम्ही साक्षीला आहात. मी तीस वर्षं वर्गात शिकवलं की ओझोन म्हणजे पृथ्वीची छत्री. ती उंच आभाळात असते, आपलं रक्षण करते आणि तिला भोक पडलंय. अवनीनं मला तिच्या विभागाच्या गच्चीवर नेलं. तिथं एक यंत्र नळीनं हवा ओढत बसलेलं असतं. तिनं सकाळचा आकडा दाखवला आणि दुपारचा दाखवला. दुपारचा दुपटीहून मोठा. मोटारींच्या धुरावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत हाच वायू तयार होतो. ऊन जितकं चढेल तितका तो जास्त आणि वारा पडला की तिथंच साचून राहतो. फुप्फुसाला तो आतून पोळतो. दिसत नाही, म्हणून आभाळ निळंच्या निळं. त्यावर कहर म्हणजे उकाड्यात काही झाडंसुद्धा असे वायू सोडतात की धुराच्या जोडीनं ओझोनात भर पडते. ज्या झाडांखाली मी दम खायला बसत होतो तीही आतून फितूर! थोडक्यात, वर पाहिजे तिथं कमी आणि खाली नको तिथं भरपूर. आपल्या शाळेतल्या शिक्षकांच्या बदल्या अशाच व्हायच्या.

जिना उतरताना मी मध्येच एका पायरीवर बसकण मारली. अवनी शेजारी बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "पुढच्या वेळी मरायचं ठरवलंत तर आधी मला विचारा." येताना आम्ही दोघांनी कुल्फी खाल्ली. मी दोन खाल्ल्या.

आता तोंडात मारायचा फवारा मिळालाय, दुपारी दारं बंद करून घरात बसायचं आणि फिरणं फक्त पहाटे. तेव्हा सध्या मी रोज कुलवंतसिंगजींबरोबर आघाडीवर असतो. छाती एकदम मोकळी आहे.

मोकळ्या श्वासानं तुमचा,
गुरुनाथ

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. आमच्या सौ. शैलजाला यातलं अक्षरही माहीत नाही. धाकट्या लेकीच्या, नयनाच्या, बाळंतपणासाठी ती मिरजेला राहिली आहे, तिला घोर नको म्हणून मी कळवलं नाही. ती तुम्हाला भावासारखं मानते. तेव्हा तुम्हीच जाऊन बेतानं सांगा. आधी "सगळं ठीक आहे" म्हणा, मग बाकीचं. तिचा राग उतरला की मला कळवा, म्हणजे मी फोन करीन.

ता. क. २. थांबा, जाऊ नका. अवनीनं पाकिटावर पत्ता घालताना वरचं वाचलं आणि हसत सुटली. शैलजाला त्या दुधीच्या रात्रीपासून सगळं ठाऊक आहे. रोज संध्याकाळी सासू-सुनांचा फोन होत होता. "त्यांना कळू देऊ नकोस, मला फसवल्याचं त्यांना समाधान असू दे," असं ती म्हणाली म्हणे. माझे रिपोर्ट येईपर्यंत तिनं रात्रीचं जेवण सोडलं होतं. रिपोर्ट चांगले आल्याचं तिला कळवलंय, पण बाई हट्टी आहे, आणखी काही दिवस धरून बसेल. तेव्हा तिला काही सांगू नका. रात्री सहज डोकावून जा आणि ती जेवायला लागली का, एवढंच बघा.